बेसबॉल : नवव्या गड्यालाही संधी देणारा खेळ

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वैनगंगेच्या खोऱ्यातील या प्रदेशात कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी आणि तत्कालीन मालगुजारांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले व त्यांच्या पाण्यावर धानाची शेती उभी केली. या तलावांनी शेतीबरोबरच आणखी एक गोष्ट गावाला शिकविली. ती म्हणजे पाणीपाळी. पाटाच्या तोंडाशी ज्याची बांधी आहे, त्याला पाणी सहज मिळते. शेपटाकडच्या शेतकऱ्याला मात्र ते पाळी ठरलेली असेल आणि ती पाळली जात असेल तरच मिळते. नियम मोडला की वरच्या बांध्या तुडुंब भरतात आणि खालचा धान करपतो.

शाळेच्या क्रीडांगणावरही पुष्कळदा हेच घडताना दिसते. क्रिकेटचा डाव मांडला जातो. ज्याची बॅट तो पहिला खेळतो, त्याच्यामागून वर्गातील दोन-तीन धट्टेकट्टे गडी खेळतात आणि सूर्य मावळतो. उरलेली मुले दूर उभी राहून चेंडू आणून देण्याचे काम करतात. मुली तर बहुधा मैदानाच्या कडेलाच असतात. खेळाचा तास संपतो, तेव्हा ज्यांना खेळाची सर्वाधिक गरज होती त्यांच्या वाट्याला खेळ आलेलाच नसतो. शिक्षणात मागे पडणारे मूल मैदानावरही मागेच राहते.

या दृष्टीने बेसबॉल या खेळाचा परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल. अमेरिका, जपान, क्युबा, दक्षिण कोरिया आदी देशांत अत्यंत लोकप्रिय असलेला हा खेळ आपल्याकडे अद्याप फारसा रुजलेला नाही. तथापि त्याच्या नियमांतच अशी काही तत्त्वे गुंफलेली आहेत की, शाळेला आणि गावालाही त्यांतून पुष्कळ घेता येईल.

खेळाचे स्वरूप

ज्यांनी विटीदांडू आणि आट्यापाट्या हे खेळ पाहिले आहेत, त्यांना बेसबॉल समजण्यास अडचण पडू नये. विटीदांडूत दांडूने विटी टोलवावयाची असते व ती झेलली गेल्यास खेळणारा बाद होतो. आट्यापाट्यांत गड्याने एकामागून एक पाट्या ओलांडून पलीकडे जावयाचे आणि पुन्हा परत यावयाचे असते. बेसबॉलमध्ये या दोन्ही कल्पनांचा मिलाफ आढळतो.

प्रत्येक संघात नऊ गडी असतात. मैदानावर एक चौरस आखतात व त्याच्या चार कोपऱ्यांवर चार तळ असतात. त्यांपैकी एक ‘घर’ होय. अधिकृत खेळात दोन तळांमधील अंतर २७.४३ मीटर असते. चेंडू टाकणारा गडी, म्हणजे पिचर, घरापासून १८.४४ मीटर अंतरावर उभा राहून चेंडू फेकतो. फलंदाज गोल दांड्याच्या बॅटने तो टोलवितो आणि पहिल्या तळाकडे धावतो. तेथून दुसरा, तिसरा असे तळ गाठत तो घरी परतला म्हणजे संघाला एक धाव मिळते. फलंदाजाच्या आटोक्यातील तीन चेंडू हुकले की तो बाद होतो. उडालेला चेंडू क्षेत्ररक्षकाने झेलला, किंवा फलंदाजापूर्वी चेंडू पहिल्या तळावर पोहोचला, तरीही तो बाद होतो. उलटपक्षी, पिचरने आटोक्याबाहेरचे चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला तळ आपोआप मिळतो. तीन गडी बाद झाले की संघांची अदलाबदल होते. असे नऊ डाव खेळले जातात.

या खेळाला घड्याळाचे बंधन नाही. सामना बरोबरीत असेल तर जादा डाव खेळवितात. प्रतिपक्ष कितीही पुढे असला, तरी शेवटचा गडी बाद होईपर्यंत सामना हातचा गेला असे म्हणता येत नाही.

इंग्लंडमधील राउंडर्ससारख्या जुन्या खेळांशी बेसबॉलचे नाते आहे. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने त्याचे नियम लिहून काढले आणि तेथून त्याला निश्चित रूप येत गेले. जपानमध्ये हा खेळ १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने टोकियोतील आपल्या विद्यार्थ्यांना शिकविला. आज जपानमध्ये शालेय बेसबॉलला राष्ट्रीय महोत्सवाचे स्वरूप आले आहे. त्याचा आरंभ एका शाळामास्तराने केला, ही बाब शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

ठरलेला क्रम

बेसबॉलचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे फलंदाजीचा क्रम. सामना सुरू होण्यापूर्वी नऊ फलंदाजांचा क्रम लिहून पंचांच्या स्वाधीन करावा लागतो. पहिल्यापासून नवव्यापर्यंत सर्व गडी त्याच क्रमाने येतात आणि नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो. उत्तम फलंदाज कितीही जोरात असला, तरी त्याला दुसऱ्याच्या जागी उभे राहता येत नाही. एखादा गडी कच्चा आहे म्हणून त्याला वगळून पुढे जाण्याचीही सोय नाही.

याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. नऊ डावांत प्रत्येकी तीन, म्हणजे सत्तावीस गडी बाद व्हावे लागतात. एकही गडी तळावर पोहोचला नाही, असे धरले तरी नऊ जणांपैकी प्रत्येकाला तीन वेळा फलंदाजी मिळते. म्हणजे अत्यंत वाईट दिवशीही नवव्या गड्याच्या वाट्याला तीन संधी येतात. व्यावसायिक खेळात पिचरच्या जागी दुसऱ्या गड्याला फलंदाजी देण्याची सवलत आहे. शालेय खेळात ती घेण्याचे कारण नाही.

या नियमाचा परिणाम दूरगामी आहे. नववा गडी येणारच असल्याने त्याला तयार करणे ही संघाची गरज बनते. पहिला फलंदाज स्वतःच्या हितासाठी का होईना, त्याला बॅट कशी धरावी ते शिकवितो. शेपटाकडच्या बांधीपर्यंत पाणी न्यावयाचे तर सर्वांनाच पाटाची डागडुजी करावी लागते, तसेच हे आहे.

अपयशाचा उघड हिशेब

बेसबॉलचा दुसरा धडा अपयशासंबंधीचा आहे. या खेळात दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो. याचा अर्थ, उत्तम खेळाडूही दहापैकी सात वेळा निष्फळ ठरतो. बेब रूथ या विख्यात अमेरिकन खेळाडूने ७१४ वेळा चेंडू थेट मैदानाबाहेर टोलविला. तोच खेळाडू १,३३० वेळा तीन चेंडू हुकून बाद झाला. दोन्ही आकडे त्याच्या नावावर शेजारी शेजारी नोंदलेले आहेत आणि दुसऱ्यामुळे पहिल्याचे मोल उणावलेले नाही.

परीक्षेत एकदा अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी शाळेपासून दुरावतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. अपयश म्हणजे कायमचा निकाल, अशी त्याची समजूत झालेली असते. बेसबॉल खेळणाऱ्या मुलाला मात्र दर सामन्यात अनेकदा अपयश येते, ते सर्वांसमक्ष येते आणि थोड्याच वेळात त्याचा क्रम पुन्हा येतो. मागच्या वेळी काय चुकले याचा विचार करून पुन्हा उभे राहावयाचे, एवढेच त्याच्या हाती असते. उपदेशाने जे साधत नाही, ते अशा सरावाने साधण्याचा संभव अधिक आहे.

टेड विल्यम्स या खेळाडूचे उदाहरण गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवसापूर्वी त्याने ४४८ संधींत १७९ यशस्वी फटके मारले होते. भागाकार केल्यास ही सरासरी ०.३९९५५ येते. तीन दशांश स्थळांपर्यंत ती ०.४०० अशी धरली गेली असती आणि एक दुर्मीळ विक्रम त्याच्या नावे लागला असता. शेवटच्या दिवशी दोन सामने होते. विश्रांती घेण्याची मुभा त्याला देण्यात आली होती. तेवीस वर्षांच्या या तरुणाने ती नाकारली. तो दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा यशस्वी फटके मारले आणि ४५६ पैकी १८५, म्हणजे ०.४०६ या सरासरीने हंगाम संपविला. त्यानंतर अमेरिकन लीग व नॅशनल लीग या दोन्ही प्रमुख स्पर्धांत पूर्ण हंगामात ०.४०० चा टप्पा कोणालाही गाठता आलेला नाही. आकड्यांच्या आडोशाने मिळणाऱ्या यशापेक्षा मैदानावर उतरून मिळविलेले यश त्याला मोलाचे वाटले, हे यातील सार होय.

दुसऱ्याला पुढे नेणारा फटका

काही वेळा फलंदाज चेंडू जोराने न मारता बॅटला हलकेच लागू देतो. चेंडू जवळच घरंगळतो. त्यात तो स्वतः बाद होतो, परंतु तेवढ्या अवधीत तळावर असलेला त्याचा सहकारी पुढचा तळ गाठतो. यास त्यागाचा फटका म्हणतात. विशेष असे की, हा फटका साधल्यास ती संधी फलंदाजाच्या सरासरीत धरीत नाहीत. सहकाऱ्यासाठी बाद झालेल्या गड्याची सरासरी खाली जाऊ नये, अशी तजवीज नियमांतच केलेली आहे.

सार्वजनिक कार्य करणाऱ्यांना या नियमाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. गावात तलावातील गाळ काढणारे, पाटाची राखण करणारे, शाळेच्या पटावरील मुलांना घरी जाऊन बोलावून आणणारे अनेक जण असतात. त्यांच्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. अशा कामाची वेगळी नोंद ठेवण्याची पद्धत बेसबॉलने घालून दिली आहे. ती ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या कारभारातही अनुकरणीय ठरेल.

चुकीची कबुली

बेसबॉलच्या धावफलकावर प्रत्येक संघापुढे धावा, यशस्वी फटके आणि चुका असे तीन रकाने असतात. क्षेत्ररक्षकाच्या हातून सहज घेता येण्याजोगा चेंडू सुटला तर ती चूक म्हणून सर्वांना दिसेल अशी मांडली जाते. लपवाछपवीला वाव नसतो आणि त्याच कारणाने चुकीचा बाऊही होत नाही.

पंचांच्या बाबतीत घडलेला एक प्रसंग अधिकारपदावरील व्यक्तींनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे आर्मांडो गालारागा या पिचरने प्रतिपक्षाचे सव्वीस गडी ओळीने बाद केले होते. एकालाही तळावर पोहोचता आले नव्हते. सत्ताविसावा गडी बाद झाला असता तर अत्यंत दुर्मीळ असा ‘परिपूर्ण सामना’ त्याच्या नावे लागला असता. तो गडी प्रत्यक्षात बाद होता. परंतु पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरविले. सामन्यानंतर चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली आणि खेळाडूची क्षमा मागितली. निर्णय बदलला नाही. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याआरंभी फलंदाजीक्रमाचा कागद पंचांच्या हाती देण्यासाठी गालारागा स्वतः पुढे आला. दोघांनी हस्तांदोलन केले. हुकलेल्या विक्रमापेक्षा हा प्रसंगच लोकांच्या अधिक स्मरणात राहिला. चूक कबूल केल्याने अधिकाराची प्रतिष्ठा घटत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचित मिळेल.

मैदानाचे दार

नियम सर्वांना समान असले, तरी मैदानाचे दार सर्वांना खुले असेलच असे नाही. अमेरिकेतील प्रमुख स्पर्धांत कृष्णवर्णीय खेळाडूंना दीर्घकाळ मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरला आणि ही बंदी मोडली. प्रेक्षकांचे व प्रतिस्पर्ध्यांचे अपशब्द त्याने मैदानावर निमूटपणे सोसले व खेळाने उत्तर दिले. पन्नास वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याचा ४२ हा क्रमांक सर्व संघांनी त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला.

महाराष्ट्राला हा इतिहास परका वाटू नये. पुण्यात क्रिकेट शिकलेले पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आले. मात्र मायदेशी खेळाच्या मैदानावर एकत्र असणारे सहकारी चहापानाच्या वेळी त्यांना वेगळे बसवीत. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना लाभले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. जॅकी रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी चोवीस वर्षे आधीची ही घटना आहे.

मुलींचा प्रश्नही याच प्रकारचा आहे. अमेरिकेत मुलांसाठी १९३९ मध्ये सुरू झालेल्या ‘लिटल लीग’ या संघटनेने मुलींना १९७४ मध्ये प्रवेश दिला आणि तोही न्यायालयीन लढ्यानंतर. भारतीय महिलांचा बेसबॉल संघ २०१६ मध्ये दक्षिण कोरियात झालेल्या महिला विश्वचषक स्पर्धेत खेळला. ज्या गावात मुलींना मैदानावर जागा नाही, तेथे नियम कितीही न्याय्य असले तरी निम्मा गाव पाळीबाहेरच राहतो.

हेही नमूद केले पाहिजे की, खेळ आपोआप चारित्र्य घडवीत नाही. १९१९ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत पैसे घेऊन सामने हरल्याच्या आरोपावरून शिकागोच्या आठ खेळाडूंना पुढे कायमचे बाद करण्यात आले. नियम तेच होते. ते पाळण्याची वृत्ती शिक्षकाच्या व वडीलधाऱ्यांच्या देखरेखीतूनच घडते.

भारतातील बेसबॉल

भारतात हौशी बेसबॉल महासंघाची स्थापना १९८३ मध्ये झाली. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि त्याचा भाऊबंद सॉफ्टबॉल या दोन्ही खेळांचा समावेश आहे. बार्सिलोना येथील १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये बेसबॉलला प्रथम अधिकृत स्थान मिळाले. २००८ नंतर ते गेले, टोकियोत ते पुन्हा मिळाले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत बेसबॉल व सॉफ्टबॉल यांचाही समावेश करण्यात आला आहे.

उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागातून आलेले रिंकू सिंह व दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून निवडले गेले. त्यापूर्वी त्यांनी बेसबॉल खेळलेला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग येथील व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केले. ते सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचले नाहीत, तथापि खेड्यातील मुलाच्या बाहूतील बळ कोणत्याही खेळाला कामी येऊ शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

गावात खेळ कसा मांडावा

प्राथमिक व माध्यमिक शाळांत हा खेळ अल्प खर्चात सुरू करता येतो. लहान मुलांसाठी दोन तळांमधील अंतर १८ मीटर पुरेसे आहे. चौरस अचूक आखण्यासाठी घरापासून समोरच्या दुसऱ्या तळापर्यंतचा कर्ण सुमारे २५.५ मीटर यावा. पायथागोरसचा सिद्धांत विद्यार्थ्यांनी दोरी हातात घेऊन पडताळून पाहावा. तळांसाठी वाळू भरलेली छोटी पोती चालतील. कठीण चेंडू आरंभी टाळावा व टेनिसचा चेंडू वापरावा. अगदी लहान मुलांसाठी कंबरेएवढ्या उंचीच्या खुंटावर चेंडू ठेवून तो टोलविण्यास सांगावे. बॅट हातातून भिरकावू नये, फलंदाजाच्या मागे कोणी उभे राहू नये, हे दंडक पहिल्या दिवसापासून पाळावेत. पुढे कठीण चेंडू आणल्यास शिरस्त्राण, हातमोजे आणि कॅचरसाठी मुखरक्षक जाळी अनिवार्य समजावी.

खरीप धानाची कापणी आटोपल्यानंतरचा थंडीचा काळ या खेळाला सोयीचा आहे. मात्र कापलेल्या बांधीतील खुंट आणि मधले बांध पायाला दुखापत करतात. म्हणून शाळेचे किंवा गावठाणातील सार्वजनिक मैदानच वापरावे. असे मैदान अतिक्रमणापासून मुक्त ठेवणे, सपाट करणे आणि तेथे पिण्याच्या पाण्याची व सावलीची सोय करणे ही कामे ग्रामपंचायतीला सहज करता येण्यासारखी आहेत. नियम, प्रशिक्षण व स्पर्धा यांविषयीचे मार्गदर्शन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून घ्यावे.

बेसबॉल आला म्हणून कबड्डी, खो-खो वा आट्यापाट्या मागे पडण्याचे कारण नाही. एखाद्या गावाला हा नवा खेळ मांडणे शक्य झाले नाही, तरी त्यातील मुख्य नियम उचलता येईल. शाळेतील क्रिकेटच्या तासाला सर्व मुलामुलींच्या फलंदाजीचा क्रम कागदावर लिहावा, तो भिंतीवर लावावा आणि प्रत्येकाला ठरावीक चेंडू खेळावयास द्यावेत. यासाठी अनुदान लागत नाही, शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि क्रम मोडू न देणारा शिक्षक एवढे पुरेसे आहे.